मंगळवारचं काम

माझं काम एवढंच: हात धरणं.
सेतुबालच्या इस्पितळात, दुसऱ्या मजल्यावर,
मोतीबिंदूच्या खोलीत.
पगार नाही. गळ्यात पट्टी: देओलिंदा, स्वयंसेवक.

शिकवणी अर्ध्या तासात आटोपली.
नर्स ग्रासिएत म्हणाली, आधी हात गरम पाण्याखाली धर,
अंगठी काढ,
आणि ‘घाबरू नका’ असं चुकूनही म्हणू नकोस.
ते ऐकेपर्यंत बरेच जण घाबरलेले नसतात.

माणसं येतात जीव मुठीत धरून.
खरोखर मुठीत. चादरीखाली
वळलेली बोटं, नखं तळव्यात रुतलेली.
मी म्हणते, उघडा जरा, द्या इकडे,
वीस मिनिटं मी सांभाळते.

मग तोंडावर हिरवं कापड येतं,
त्याला एका डोळ्यापुरतं भोक.
बोलायचं नाही, मान हलवायची नाही.
म्हणून आमची भाषा ठरलेली:
एकदा दाबलं तर दुखतंय,
दोनदा दाबलं तर खोकला येतोय.
बाकी सगळं नुसतं धरून ठेवणं.

मिठागरातला आनाक्लेतो, हात कानशीसारखा.
त्याला म्हटलं, मनातल्या मनात मिठाची फावडी मोजा.
कापड काढलं तेव्हा म्हणाला,
एकशे चाळीस. अजून गाडी भरली नव्हती.
एक बस चालवणारी बाई
सगळा वेळ उजव्या पायाने ब्रेक दाबत होती.

माझ्या हातांना पंचवीस वर्षं सार्डिनचा वास होता.
बोटी लागल्या की भोंगा; रात्रीचे दोन असोत,
उठून पळायचं.
प्रत्येक कारखान्याचा भोंगा निराळा,
झोपेतही आपला तो कळायचा.
पोट हातावर, आणि हात खारात.
लिंबू चोळलं, राख चोळली,
तरी उत्सवात नाचताना पोरं
बोटांची टोकंच तेवढी धरायची.

डावी करंगळी पेरभर कमी आहे.
डबे मिटवणाऱ्या यंत्राने नेली, सोळाव्या वर्षी.
मुकादमीण एर्मिनियाने त्या दिवशीचा
अर्धा रोज कापला.
बावीस डबे रक्ताने वाया गेले, म्हणाली.
बावीस. तिने मोजले होते.

गेल्या मंगळवारी यादीत सहावं नाव तिचं.
वय सत्त्याऐंशी, काळीज अशक्त,
गुंगीचं काही द्यायचं नाही, फक्त थेंब.
मी हात गरम पाण्याखाली
जरा जास्तच वेळ धरला.

उजवा देणार होते.
पण त्या बाजूने डावाच पोचतो.

दोन्ही डोळ्यांत दूध, मला पाहिलंच नाही तिने.
थरथरत होती. चादर गरम करून आणली, दुसरीही आणली,
थरथर जाईना.
कापड आलं.
आणि तिचा अंगठा माझ्या हातावरून चालू लागला,
अंधारात भिंत चाचपावी तसा:
मनगट, गाठी, एकेक बोट,
करंगळीपाशी आला
आणि जिथे पुढे काहीच नाही
तिथे थांबला.

मग तिने दाबलं.
एकदा नाही. दोनदाही नाही.
तीनदा, हळू.

असं काही आमचं ठरलेलं नव्हतं.
डॉक्टरांनी न बघता विचारलं, काय म्हणतायत?
काही नाही, मी म्हटलं. चालू द्या.

पडद्यावरचा आकडा एकशे बारावरून
ब्याण्णववर उतरला.
तो तिचा.
माझा कुणी मोजत नव्हतं.

बाहेर, डोळ्यावर टोपण लावून
तिने बिस्किट चहात बुडवलं
आणि मऊ झालं म्हणून कुरकुर केली.
माझ्याकडे वळली नाही.

दुसरा डोळा पुढच्या महिन्यात.
तेव्हा तिला दिसत असेल.
ग्रासिएत विचारते, तुझं नाव लिहू ना?
मी हात पुसतेय.
कोरडे झालेत केव्हाच,
तरी पुसतेय.